डावी कूस

डिस्चार्ज कार्डावर माझ्या नावाखाली लिहिलं होतं, १५/१५. चोवीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते आहे. पैकीच्या पैकी गुण दिसले की जीव भांड्यात पडतो, तसा तेव्हाही पडला. ही ग्लासगो कोमा स्केल, हे नंतर कळलं. १९७४ साली ग्लासगोमधल्या दोन मेंदूतज्ज्ञांनी ती तयार केली. डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६. म्हणजे माझे पंधरा गुण एवढंच सांगत होते की बाई जागी आहे, विचारलं तर नीट उत्तर देते आणि सांगितलं तर हात उचलते. १३ ते १५ गुण पडले की डोक्याला बसलेल्या माराला 'माइल्ड' म्हणतात. कार्डावर तोही शब्द होता. नवऱ्याने ते कार्ड आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, आणि पुढचे पाच महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मी तोंड उघडायच्या आत, तो सांगत राहिला, "रिपोर्ट नॉर्मल आहे. काही निघालं नाही."

गाडी तोच चालवत होता.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. मैत्रिणीकडचं हळदीकुंकू आटोपून आम्ही परत येत होतो. साडी असल्यामुळे मी मागे एकीकडे पाय सोडून बसलेली, एका हातात वाण. हेल्मेट घातलं नव्हतं. कायदा मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतो, हे मला माहीत होतं, पण हळदीकुंकवाला जाताना आंबाड्यावर कोण हेल्मेट घालतं? वस्तीतल्या आतल्या रस्त्यावर कुणीतरी नवा गतिरोधक केला होता. त्यावर पट्टे नव्हते आणि दिवेही गेलेले. गाडी उसळली आणि मी मागच्या मागे पडले.

हे सगळं मला सांगितलेलं आहे. मला आठवतं ते मैत्रिणीच्या दारातलं रांगोळीचं ताट, आणि त्यानंतर एकदम दवाखान्यातली ट्यूबलाइट. मधला तास-सव्वा तास माझ्याकडे नाही. त्या वेळात मी डोळे उघडे ठेवून, सगळ्यांशी बोलत, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते म्हणे, "अहो, वाण कुठे ठेवलं?" वाण म्हणजे चहाची स्टीलची गाळणी. नवरा सांगायचा, "आहे माझ्याकडे." मी "बरं" म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. ती गाळणी त्याने खिशातून काढून किती वेळा मला दाखवली असेल, कोण जाणे. त्या तासाबद्दल तो पुढे किती तरी महिने एक अक्षर बोलला नाही.

रक्त आलं नव्हतं. मागच्या बाजूला एक टेंगूळ, बस. दुसऱ्या दिवशी घरी आले.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, मळमळ, झोप झोप होणं सगळ्यांनाच साहजिक वाटलं. दवाखान्यातून एक कागद दिला होता, त्यावर लिहिलं होतं की डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, गुंगी आली, बोलणं अडखळू लागलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर तडक या. तो कागद सासूबाईंनी देवघराच्या भिंतीला चिकटवला होता. त्यातलं काहीच झालं नाही. सल्ले मात्र रग्गड आले. मावशी म्हणाल्या महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा. डॉक्टरांचं म्हणणं उलट होतं, एक-दोन दिवस नीट आराम, मग हळूहळू उठायचं, चालायचं, त्रास फार वाढला तर तेवढ्यापुरतं थांबायचं. मी डॉक्टरांचं ऐकलं, ते बरं झालं. पण बहुतेक लोकांचं डोकं काही आठवड्यांत ताळ्यावर येतं, तसं माझं आलं नाही.

माझ्या तक्रारी अशा होत्या की त्या सांगतानाच खोट्या वाटत. वर्गातला पंखा वाजतो. ट्यूबलाइट टोचते. बाजारात गेलं की भाजीचे ढीग अंगावर येतात. दुपारी बारा वाजता असं वाटतं की कुणी पाठीमागचं बटण बंद केलं. शब्द सापडत नाहीत. स्वयंपाकघरात उभी राहून मी लेकाला म्हणाले, "ते दे रे, ते... गरम भांडं धरायचं," आणि सांडशी हा शब्द काही केल्या येईना. त्याने मुकाट्याने सांडशी दिली. तो तेव्हा आठवीत होता. एकदा त्याच्या हातून ताट पडलं आणि त्या आवाजाने मी अशी काही ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. तो म्हणाला, "आई, तू काऊन इतकी चिडून राहिली? ताटच तर पडलं न." त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

शाळेत दहावीच्या वर्गाला पायथागोरसचं प्रमेय शिकवत होते. काटकोन त्रिकोण फळ्यावर काढला, दोन बाजूंना नावं दिली आणि तिसरीचं नाव गेलं. चोवीस वर्षांत हा शब्द मी किती हजार वेळा उच्चारला असेल! खडू फळ्याला टेकवून मी उभी. मागे साठ मुलांची कुजबुज, तिचं माझ्या कानात वादळ झालेलं. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, कर्ण." मी लिहिलं, पुढे शिकवलं, तास संपवला. मग मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण स्टाफरूममध्ये रडण्याची सोय नव्हती.

स्टाफरूममध्ये मी कुणाला सांगितलं नाही, त्याचं कारण आपली भाषा आहे. मराठीत राग, वेड, हट्ट, चिंता सगळं डोक्यातच राहतं. डोकं फिरतं, डोकं भणभणतं, डोकं ठिकाणावर नसतं. यातलं प्रत्येक वाक्य माझ्या बाबतीत अगदी शब्दशः खरं होतं, आणि एकही उच्चारायची सोय नव्हती. कारण या सगळ्यांच्या शेवटी एक वाक्य दबा धरून बसलेलं असतं, 'डोक्यावर परिणाम झालाय.' आमच्या कामवाल्या बाईंनी ते पहिल्याच महिन्यात सहज उच्चारलं होतं, "बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हनते." त्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती. पण दहावीच्या मुलांचे पालक हे वाक्य कसं ऐकतील, याची मला धडकी भरली होती. म्हणून मी घटक चाचणीचे पेपर दोनदा तपासायचे, बेरजा तीनदा करायचे, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "आता एकदम मस्त."

ज्या डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो त्यांनी स्कॅन उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, ताई. आता हे डोक्यातून काढून टाका." गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याचा चेहरा उजळला होता. मला तेव्हा त्याचा फार राग आला, तो मी गिळला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पण कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू झटक्याने गदगदा हलतो, त्यातले केसाहून बारीक तंतू ताणले जातात, पेशींच्या आतला रासायनिक तोल जातो, ते त्या फिल्मवर उमटत नाही. हे तेव्हा आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नाही. फिल्म स्वच्छ होती, म्हणजे मी स्वच्छ होते.

गोळ्यांचं तर वेगळंच होऊन बसलं. साधी डोकेदुखीची गोळी, पण मी रोज घेऊ लागले. महिन्यातले पंधराहून अधिक दिवस असं चालू राहिलं तर गोळीच डोकेदुखी जन्माला घालते, हे मला जूनमध्ये कळलं. बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस भयंकर गेले. मग दुखणं खरंच निम्म्यावर आलं.

मार्चअखेरीस कूलर बाहेर काढले. नागपुरात कूलर काढणं हा वर्षाचा एक सणच असतो. टाकी घासायची, पंपात वर्षभराचा गाळ अडकलेला असतो तो काढायचा, ताट्या नव्या बसवायच्या. आमच्याकडे हॉलच्या कूलरला अजून वाळ्याच्या ताट्या लागतात, हा सासूबाईंचा हट्ट. पंप सुरू झाला, ताट्यांवरून पहिलं पाणी उतरलं, आणि सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "आहा, आला बाई उन्हाळा." लेकही नाक पुढे करून उभा. मी पण उभी राहिले. गार वारा तोंडावर आला, ओलसर. त्यात काहीच नव्हतं.

जेवण दोन महिन्यांपासून पांचट लागत होतं, ते मी गोळ्यांवर ढकललं होतं. त्या दिवशी मी आत गेले आणि डबे उघडायला सुरुवात केली. हिंगाचा वास नाही. सांबार हातावर चुरडला, नाही. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) ओट्यावर सीझनची शेवटची संत्री होती. साल दुमडली तर तुषार उडालेले डोळ्यांना झोंबले, म्हणजे संत्रं आपलं काम करत होतं. नाकाच्या वरच्या टोकाला चाळणीसारखं एक हाड असतं, त्याच्या छिद्रांतून वासाच्या बारीक बारीक नसा मेंदूकडे जातात. मार डोक्याच्या मागे बसला तरी मेंदू पुढे-मागे हलताना त्या नसा ताणल्या जातात, काही तुटतात. मी तेव्हा हे काही जाणत नव्हते. ओट्याशी संत्र्याच्या साली दुमडत उभी होते, एकामागून एक.

उन्हाळ्याने बाकीचं केलं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी अकरानंतर रस्त्यावरचा उजेड पांढरा होतो, तो माझ्या डोळ्यांतून थेट मानेपर्यंत कळ नेत असे. खोलीत कूलर लावावा तर त्याची घरघर सहन होईना, बंद करावा तर जीव जाईल असा उकाडा. कानात कापसाचे बोळे घालून झोपायचे. पुढे समजलं की दिवसभर कान बंद ठेवले तर ते आणखी हळवे होतात, थोडा थोडा आवाज रोज ऐकवत त्यांना सवय लावावी लागते. शेवटी आम्ही कूलर हॉलमध्ये ठेवून मधलं दार अर्धं उघडं ठेवायला लागलो, खिडकीला ओली चादर. घरातले तिघे माझ्यामुळे घामात झोपले तो पूर्ण उन्हाळा. कुणी कुरकुर केली नाही, पण मला प्रत्येकाच्या कूस बदलण्याचा आवाज ऐकू यायचा.

आणि कुशीचीच गोष्ट मला सांगायची आहे.

पलंगावर नवरा माझ्या डाव्या हाताला झोपतो. लग्न झाल्यापासून तसंच. पडल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं की डावीकडे वळलं की खोली गरगर फिरते. चक्कर येते म्हणतात तशी नाही. पाळण्यात बसल्यावर पाळणा वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो, तो खड्डा धरून भिंती फिरतात. अर्धा-पाऊण मिनिट. मग थांबतं, पण पुढचा तासभर मळमळत राहतं. फडताळाच्या वरच्या खणाकडे मान वर करून बघितलं तरी तेच. मी दोन गोष्टी बंद केल्या, वर बघणं आणि डावीकडे वळणं. वरचे डबे खाली आणले. रात्री उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, उशी पाठीला लावून झोपायला लागले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की फोल्डर निघणार, हे ठाऊक होतं.

मेच्या शेवटी नात्यातल्या एका लग्नात माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. दहावीला भूमितीत कच्ची होती, आता फिजिओथेरपिस्ट झालेली. आम्ही पाचेक मिनिटं बोललो असू. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची मान दुखते का? डावीकडून कुणी हाक मारली की तुम्ही खांद्यासकट वळता." पाच महिन्यांत हे बघणारी ती पहिली. मी तिला मंडपाच्या मागे, आचाऱ्यांच्या भट्टीजवळ उभं राहून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही "होतं असं" म्हटलं नाही. म्हणाली, "सोमवारी या. सरांना घेऊन या."

धंतोलीतल्या तिच्या क्लिनिकमध्ये आम्ही गेलो तेव्हा बाहेर शेहेचाळीस होतं आणि नवऱ्याने फोल्डर बरोबर घेतलं होतं. तिने ते शांतपणे वाचलं, बाजूला ठेवलं. मला टेबलावर पाय लांब करून बसवलं. माझं डोकं दोन्ही हातांत धरून डावीकडे अर्धं वळवलं. म्हणाली, "मॅडम, आता मी तुम्हाला पटकन मागे झोपवणार. मी धरलेलं आहे. काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, माझ्या नाकाकडे बघायचं." आणि मला मागे नेलं, डोकं टेबलाच्या कडेच्या किंचित खाली लोंबतं.

दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग छत सुटलं. मी तिचं मनगट घट्ट आवळलं, ओरडले असेन. डोळे मिटले नाहीत. वरून तिचा आवाज आला, एकदम साधा, वर्गात उत्तर सापडल्यावर मुलं बोलतात तसा, "सर, इकडे या. मॅडमच्या डोळ्यांकडे बघा."

तो आला. त्या फिरत्या छतात त्याचा चेहरा वरून आला, आणि मला तो नीट दिसत नव्हता, सारखा घसरत होता. त्याला काय दिसलं ते त्याने मला नंतर सांगितलं. माझी बुबुळं आपोआप झटके देत होती. वर जायची, डाव्या कानाकडे कलंडत फिरायची, मूळ जागी यायची, पुन्हा झटका. घड्याळाचा सेल संपत आला की सेकंदकाटा जागच्या जागी उड्या मारतो तसं. हे कुणाला मुद्दाम करता येत नाही. तिने त्याला समजावलं, आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात, तोल सांभाळण्यासाठी. माराने ते सुटले आणि तीनपैकी एका अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडले. डोकं त्या बाजूला गेलं की खडे घरंगळतात, नळीतलं पाणी ढकलतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत, म्हणून तो डोळे फिरवतो. "हे स्कॅनमध्ये दिसत नाही, सर. असंच बघावं लागतं."

मग तिने तिथेच एप्ली केलं. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत. औषध नाही, सुई नाही. डोकं एका ठरावीक क्रमाने वळवत न्यायचं, डावीकडे, मग उजवीकडे, मग पूर्ण कुशीवर जमिनीकडे नाक, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी चक्कर थांबेपर्यंत, अर्धा मिनिट किंवा थोडं जास्त, थांबायचं. खडे नळीतून घरंगळत पुन्हा आपल्या जागी. गणिताच्या बाईला ते लगेच पटलं, चक्रव्यूहातून गोटी बाहेर काढायचं लहान मुलांचं खेळणं असतं, तसं. तीन बैठकी लागल्या.

येताना आम्ही मेट्रोने आलो. स्कूटीवर मी बसत नव्हतेच. झाशी राणी चौकातून सुभाषनगरपर्यंत तो माझ्याशेजारी फोल्डर मांडीवर धरून बसला होता आणि एकही शब्द बोलला नाही. खिडकीबाहेरच्या इमारती पळताना बघितल्या की मला गरगरायचं, म्हणून मी लांबचं काहीतरी धरून बसायचे. त्या दिवशी अंबाझरी तलावाचं पाणी धरलं.

रात्री दिवा बंद केल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावली म्हणून तिकडे तोंड करून झोपून राहिली."

पाच महिने. रोज रात्री माझी पाठ बघत त्याने काय काय जोडलं असेल, आणि दिवसा लोकांना रिपोर्ट नॉर्मल आहे सांगताना तो खरं तर कुणाला सांगत असेल, हे मला त्या अंधारात एकदम लख्ख दिसलं. त्या रिपोर्टवर त्याचीही सुटका लिहिलेली होती. मी हळूहळू डावीकडे वळले. थोडंसं फिरलं, एकाच बैठकीत सगळं जात नाही. पण वळले. मग त्याने मला गाळणीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदा. दवाखान्याच्या बाकावर मी त्याला वाण कुठे म्हणून विचारत होते आणि त्याला वाटलं होतं की आता ही उरलेलं आयुष्य एवढंच विचारत राहणार.

चक्कर गेल्यावर सगळं संपलं असं मी लिहू शकले असते तर फार आवडलं असतं. जी गोष्ट दुसऱ्याला डोळ्यांनी दिसली तिच्यावर इलाज निघाला. बाकीच्यांचं तसं झालं नाही. पण एक झालं, त्या दिवसापासून घरात मला पुरावे द्यावे लागले नाहीत. कानाचं खरं निघालं म्हणजे पंख्याचंही खरं, शब्दांचंही खरं, असं नवऱ्याने आपलं आपण ठरवलं. मी त्याला कधी विचारलं नाही, पण फोल्डर त्यानंतर कपाटातून बाहेर आलं नाही. मुख्याध्यापिकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी लागोपाठचे दोन तास टाळून वेळापत्रक करून दिलं, मधल्या तासाला लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसायची मुभा दिली. एवढ्यानेच दुपारचं ते बटण बंद होणं बाराऐवजी तीनवर गेलं. रोज पहाटे ऊन चढायच्या आत चालायला जाते, डोकं दुखायला लागेल त्याच्या किंचित अलीकडे थांबते, आणि ती रेषा महिन्या-महिन्याने दोन-चार विजेच्या खांबांनी पुढे सरकते. कधी मागेही येते. शब्द बरेच परत आलेत. थकले की अजून जातात, मग मी वर्गालाच विचारते, "याला काय म्हणतात?" मुलांना तो प्रश्न वाटतो.

वासासाठी चार बाटल्या आहेत. लवंग, लिंबू, नीलगिरी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीपाशी वीस सेकंद, तो वास आठवत हुंगायचं. किमान तीन महिने करायचं असतं, मी तीन वर्षं करते आहे. वर्षभराने वास यायला लागले तेव्हा चुकीचे आले. भाजलेला कांदा जळक्या प्लास्टिकसारखा. शेजारी सावजी रस्सा झाला की मला पोट आवळून खिडकी लावावी लागे, आणि हे नागपुरात कुणाला सांगणार? आता कांदा बराचसा कांद्यासारखा झालाय. लवंग येते. लिंबू कधी कधी. वाळा नाही. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. ते मला कळत नाही, म्हणून ओट्याखाली गॅसचा अलार्म बसवलाय. ज्यांचा वास गेलाय त्या प्रत्येकाच्या घरी तो असावा असं मी कळकळीने सांगते. आणि दूध उतू जायच्या आधी सासूबाई देवघरातून आवाज देतात, "पाहून घे वं, लागून राहिलं." त्यांच्या एकाही हाकेत कधी कंटाळा नसतो.

गेल्या वर्षी मारबतीला मी माहेरी, इतवारीत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे त्या पुतळ्यांची मिरवणूक, शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे, रस्त्यात मुंगीला जागा नसते आणि ताशांनी घरातली भांडी थरथरतात. मला लहानपणी भाऊ खांद्यावर बसवून न्यायचा. मी मागच्या खोलीत दार लावून, कानांवर उशी दाबून बसले होते. तरी आवाज आत येतोच. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" हजारो माणसं एका गळ्याने म्हणत होती. मी उशी काढली. पाच मिनिटं, घड्याळ लावून, ऐकलं. मग पुन्हा दाबली. दोन दिवस डोकं दुखलं. यंदा सहा मिनिटं ऐकायचा विचार आहे.

मागच्या महिन्यात एका रात्री पाणी प्यायला उठले, परत आडवी होताना डावीकडे वळले आणि खोली सुटली. माराने सुटलेले खडे पुन्हा सुटू शकतात, हे माझ्या त्या विद्यार्थिनीने आधीच सांगून ठेवलं होतं. ही तिसरी वेळ. पूर्वी मी गुपचूप भिंतीकडे वळले असते. मी त्याचा दंड धरून हलवलं, "अहो, उठा. निघालेत."

तो दिवा न लावताच उठून बसला. काय करायचं ते तिने आम्हा दोघांना शिकवलंय. त्याने माझ्या खांद्यांखाली उशी सरकवली, डोकं दोन्ही हातांत घेतलं, डावीकडे वळवलं आणि मागे नेलं. छत गेलं. मी डोळे उघडे ठेवले. अंधारात त्याला माझे डोळे दिसत नसणार, तरी तो वाकून बघत होता, आणि मोजत होता, हळू आवाजात, पलीकडच्या खोलीत लेक उठू नये म्हणून. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"फिरतंय?"

"थोडं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.